केसाच्या हजाराव्या भागाइतका थर: थिन फिल्म म्हणजे काय आणि ती हाताने करून कशी शिकतात?

चिप्सच्या पाकिटाची आतली चकचकीत बाजू, चष्म्याच्या काचेवरची हिरवट-जांभळी झाक आणि मोबाईलमधली चिप. या तिन्ही गोष्टींमध्ये एक साम्य आहे. तिन्हींचं काम एका अतिशय पातळ थरावर चालतं. विज्ञानात या थराला थिन फिल्म म्हणतात.

पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची थिन फिल्मशी गाठ पुस्तकातच पडते. व्याख्या, आकृती, पाच गुणांचा प्रश्न, संपलं. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात आता चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचा पर्याय आहे. पण स्वतः प्रयोग आखायची वेळ आली की अनेकांची अडचण होते. काय मोजायचं, किती वेळा मोजायचं आणि आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे कुणी शिकवलेलंच नसतं.

थिन फिल्म हा विषय हे शिकण्यासाठी चांगला आहे, कारण त्याची सुरुवात परातीत, ओल्या ब्रशने किंवा दोन तांब्याच्या पट्ट्यांनीही करता येते. कशी, ते समजून घेऊया.

थिन फिल्म म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पृष्ठभागावर चढवलेला, काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत जाडीचा थर म्हणजे थिन फिल्म. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग आणि एक नॅनोमीटर म्हणजे त्या मायक्रोमीटरचाही हजारावा भाग.

अंदाज यावा म्हणून काही आकडे पाहा. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉईल १० ते २० मायक्रोमीटरच्या आसपास असते. चिप्सच्या पाकिटातला अ‍ॅल्युमिनियमचा थर मात्र जेमतेम काही दहा नॅनोमीटरचा असतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या आरशांवरचं सोनं सुमारे १०० नॅनोमीटर जाड आहे.

ज्या वस्तूवर थर चढवतात तिला सबस्ट्रेट म्हणतात. काच, सिलिकॉन, धातूची पट्टी किंवा प्लास्टिक, काहीही सबस्ट्रेट असू शकतं.

वस्तूवर वेगळ्या पदार्थाचा थर चढवणं आपल्याकडे नवीन नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई करणारा कारागीर भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसाने ते सगळीकडे फिरवतो. कल्हईचा थर नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ नसतो. पण त्यातले तीन प्रश्न प्रयोगशाळेतलेच आहेत: पृष्ठभाग स्वच्छ आहे का, तापमान बरोबर आहे का आणि थर सगळीकडे सारखा बसला का?

थर पातळ झाला की पदार्थ वेगळा का वागतो?

याचं सर्वांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे साबणाचा फुगा. साबणाच्या पाण्याला स्वतःचा रंग नसतो, तरी फुग्यावर रंग दिसतात. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येतो, काही खालच्या पृष्ठभागावरून. हे दोन किरण एकमेकांत मिसळतात. थराच्या जाडीनुसार काही रंग वाढतात, काही पुसले जातात. यालाच व्यतिकरण म्हणतात.

तारेच्या कड्यात साबणाचा पडदा घेऊन तो उभा धरला तर पाणी खाली उतरतं, वरचा भाग पातळ होत जातो आणि रंगांचे आडवे पट्टे दिसतात. फुटण्याच्या थोडं आधी सगळ्यात वर काळा पट्टा येतो. तिथे पडद्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच कमी, काही दहा नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी झालेली असते. म्हणजे रंग पाहून जाडीचा अंदाज करता येतो.

चष्म्यावरचा परावर्तन कमी करणारा थर याच तत्त्वावर चालतो. मॅग्नेशियम फ्लोराईडचा एकच थर द्यायचा असेल तर त्याची जाडी हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीला थराच्या अपवर्तनांकाच्या चौपटीने भागून काढतात. ५५० नॅनोमीटर भागिले (४ गुणिले १.३८), म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर.

हे शोध मोठ्या प्रयोगशाळांतच लागले का?

नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि ते सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाण्यावर पसरल्याचं पाहिलं. हे वर्णन १७७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी थराची जाडी काढली नाही, पण आज कुणीही काढू शकतं. पाच मिलिलिटर तेल २,००० चौरस मीटरवर पसरलं तर जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर. ही साधारण एका रेणूच्या लांबीची जाडी आहे.

दुसरं नाव आहे अ‍ॅग्नेस पॉकल्स. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. घरकाम सांभाळताना, भांड्यांच्या पाण्यावर तेलकट थर कसा वागतो हे त्यांनी पाहिलं आणि घरगुती साहित्यातून पृष्ठताण मोजण्याचं उपकरण तयार केलं. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. पाण्यावरच्या रेणूभर जाडीच्या थरांच्या अभ्यासात हे काम आजही पायाभूत मानलं जातं.

प्रकल्प १: परातीत रेणूची लांबी कशी मोजायची?

हा प्रयोग एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून अनेकांनी वाचलेला आहे, पण करून पाहिलेला नसतो.

एक घन सेंटिमीटर ओलेइक आम्ल अल्कोहोलमध्ये मिसळून २० घन सेंटिमीटर द्रावण करायचं. त्यातलं एक घन सेंटिमीटर घेऊन पुन्हा २० पर्यंत न्यायचं. आता द्रावणात ओलेइक आम्ल फक्त चारशेवा भाग आहे. मोठ्या परातीत पाणी घेऊन त्यावर बारीक पावडरचा अगदी हलका थर भुरभुरायचा आणि मधोमध द्रावणाचा एक थेंब सोडायचा. पावडर बाजूला सरकते आणि मोकळं वर्तुळ दिसतं. अल्कोहोल उडून जातं किंवा पाण्यात मिसळतं, पाण्यावर राहतो तो ओलेइक आम्लाचा थर.

समजा थेंब ०.०५ घन सेंटिमीटरचा आहे आणि वर्तुळाचा व्यास २८ सेंटिमीटर आला. थेंबातलं ओलेइक आम्ल ०.०००१२५ घन सेंटिमीटर, वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की जाडी येते सुमारे २ नॅनोमीटर. साध्या पट्टीने रेणूचा आकार मोजला गेला.

प्रयोगाची खरी आखणी यानंतर सुरू होते. पहिला प्रश्न, पावडर सरकली ती ओलेइक आम्लामुळे की अल्कोहोलमुळे? उत्तर हवं तर नुसत्या अल्कोहोलचा थेंब टाकून पाहावा लागतो. त्यानेही पावडर क्षणभर सरकते, पण वर्तुळ टिकत नाही. याला नियंत्रण प्रयोग म्हणतात. दुसरा प्रश्न, थेंब खरंच ०.०५ चा आहे का? त्यासाठी एक घन सेंटिमीटर भरायला किती थेंब लागतात ते मोजायचं. तिसरा प्रश्न, व्यास मोजताना पाच टक्के चूक झाली तर? क्षेत्रफळात सुमारे दहा टक्के चूक होते, कारण व्यासाचा वर्ग होतो. म्हणून पाणी बदलून किमान पाच वेळा प्रयोग करायचा आणि पाचही आकडे वहीत लिहायचे. मनाजोगता आलेला एकच आकडा लिहायचा नाही.

अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे हा प्रयोग शिक्षकांसमोर आणि गॅस-मेणबत्तीपासून दूर करावा.

प्रकल्प २: काळ्या कागदावर रंगीत थर कसा पकडायचा?

पाण्यात काळा कागद बुडवून ठेवायचा. पाण्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा. तो पसरून पातळ पडदा होतो. कागद हळूच वर उचलला की पडदा कागदावर येतो आणि वाळल्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग कायमचे दिसतात. नेलपॉलिश रंगहीन, कागद काळा, तरी रंग दिसतो, कारण तो जाडीतून येतो.

इथून साधा प्रकल्प उभा राहतो. पाणी थंड आणि कोमट, थेंब एक आणि दोन, अशा चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे तीन कागद म्हणजे बारा कागद. फोटो एकाच खिडकीजवळ, एकाच अंतरावरून आणि फोनचा फ्लॅश बंद ठेवून काढायचे. प्रकाश बदलला तर दिसणारा फरक थराचा की उन्हाचा, हे सांगता येणार नाही. खोली हवेशीर हवी, कारण नेलपॉलिशची वाफ नाकातोंडात जाणं चांगलं नाही.

प्रकल्प ३: तांब्याचा मुलामा आणि 'एका वेळी एकच बदल' ही सवय

हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आहे. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात दोन पट्ट्या लटकवतात. तांब्याची पट्टी पुरवठ्याच्या धन टोकाला, स्वच्छ पितळी पट्टी ऋण टोकाला. वीज सुरू केली की पितळेवर तांबं बसू लागतं. लोखंडी पट्टी मात्र घ्यायची नाही. ती द्रावणात बुडताच तिच्यावर आपोआप तांबं चढतं, पण ते बोटाने घासलं तरी निघतं.

किती तांबं बसेल हे फॅराडेच्या नियमाने आधीच काढता येतं. ०.१ अँपिअर प्रवाह १० मिनिटं दिला तर सुमारे २० मिलिग्रॅम. पट्टीचा बुडालेला भाग, दोन्ही बाजू मिळून, १० चौरस सेंटिमीटर असेल तर थराची जाडी साधारण २.२ मायक्रोमीटर येते. पट्टी आधी आणि नंतर तोलून हा अंदाज तपासता येतो.

आता समजा विद्यार्थ्याला सगळ्यात चांगला थर हवा आहे. बदलण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, द्रावणाची तीव्रता आणि प्रवाह. बहुतेक जण एका वेळी एकच गोष्ट बदलतात. सौम्य द्रावण आणि कमी प्रवाहापासून सुरुवात केली. प्रवाह वाढवला तर थर भुरभुरीत आणि काळपट आला, म्हणून प्रवाह पुन्हा कमी केला. मग तीव्रता वाढवली, फारसा फरक दिसला नाही. निष्कर्ष लिहिला, 'कमी प्रवाह चांगला, तीव्रतेचा परिणाम नाही.'

हा निष्कर्ष चुकीचा आहे. सौम्य द्रावणात पट्टीजवळचं तांबं लवकर संपतं, जास्त प्रवाह दिला की तिथे नवं तांबं वेळेवर पोहोचत नाही आणि थर बिघडतो. तीव्र द्रावणात तोच प्रवाह सहज पेलतो. म्हणजे तीव्र द्रावण आणि जास्त प्रवाह या जोडीने चांगला थर निम्म्या वेळात मिळू शकला असता. पण विद्यार्थ्याने ती जोडी कधी करूनच पाहिली नाही.

एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो, त्याला आंतरक्रिया म्हणतात. भाकरीला आच किती हवी हे तवा किती तापलाय यावर ठरतं, तसंच हे. आंतरक्रिया पकडायची तर सगळ्या जोड्या करून पाहाव्या लागतात. दोन घटकांच्या दोन पातळ्या म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडी दोनदा केली तरी आठच पट्ट्या होतात. तुलना न्याय्य राहावी म्हणून प्रवाह दुप्पट केला की वेळ निम्मा करायचा, म्हणजे प्रत्येक पट्टीला मिळणारा विद्युतभार सारखा राहतो.

मोरचूद विषारी आहे आणि आम्ल त्वचा भाजतं. हातमोजे, चष्मा आणि शिक्षकांची देखरेख हवीच. स्वयंपाकघरातली भांडी वापरायची नाहीत आणि उरलेलं द्रावण मोरीत, विहिरीत किंवा ओढ्यात ओतायचं नाही.

चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवण्याची गरज काय?

आठ पट्ट्यांपैकी आधी सौम्य द्रावणाच्या चार आणि नंतर तीव्र द्रावणाच्या चार केल्या, तर एक गोची होते. दुपारपर्यंत खोली तापते, पट्ट्या घासण्याचा हात बसतो. शेवटच्या चार पट्ट्या चांगल्या आल्या त्या द्रावणामुळे की सरावामुळे?

यावरचा उपाय ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मांडला. १९१९ पासून ते रोथामस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करत होते आणि १९३५ मध्ये त्यांचं 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' हे पुस्तक आलं. त्यातलं चहाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असा एका बाईंचा दावा होता. तो तपासायला आठ कप, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या, कोणत्याही ठरावीक क्रमाशिवाय द्यायचे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. क्रम आधीच कळला असता तर त्या उत्तराला काही किंमत उरली नसती.

या विचारातून आलेली तीन सूत्रं आजही प्रत्येक प्रयोगाला लागू पडतात:

- यादृच्छिक क्रम: कोणती पट्टी कधी करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.
- पुनरावृत्ती: प्रत्येक जोडी किमान दोनदा करा. एकाच मापावरून नेहमीचा चढउतार किती हे कळत नाही.
- गट पाडणं: काम दोन दिवस चालणार असेल तर चारही जोड्यांचा एक पूर्ण संच पहिल्या दिवशी आणि एक दुसऱ्या दिवशी करा. मग दिवसांमधला फरक वेगळा काढता येतो.

घटक वाढले की जोड्या झपाट्याने वाढतात. चार घटकांच्या तीन-तीन पातळ्या म्हणजे ८१ प्रयोग. ऑर्थोगोनल अ‍ॅरे नावाच्या तक्त्यांनी हे ९ प्रयोगांत बसवता येतं. या तक्त्यांची गणिती मांडणी १९४० च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी केली आणि पुढे जपानच्या गेनिची तागुची यांनी असे तक्ते कारखान्यांत नेले. पण ९ प्रयोगांत प्रत्येक घटकाचा मुख्य परिणाम कळतो, आंतरक्रिया त्यात मिसळून जातात. वाचलेल्या ७२ प्रयोगांची ही किंमत असते.

प्रकल्प ४: कोल्हापूरचा रस्ता, म्हणजे बीकरमधली थिन फिल्म

मोठ्या प्रयोगशाळांत थिन फिल्म निर्वात पोकळीच्या यंत्रांत तयार करतात. ही यंत्रं महागडी असतात. पण द्रावणातून थर बसवण्याच्या स्वस्त पद्धतीही आहेत आणि त्यांच्याशी महाराष्ट्राचं जवळचं नातं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांनी रासायनिक पद्धतींनी थर तयार करण्यावर दीर्घकाळ काम केलं. स्प्रे पायरोलिसिसवर प्रा. पी. एस. पाटील यांचा १९९९ मधला आणि सिलार पद्धतीवर एच. एम. पठाण आणि प्रा. सी. डी. लोखंडे यांचा २००४ मधला आढावालेख या क्षेत्रात नेहमी वाचले जातात.

सिलार ही पद्धत १९८५ मध्ये वाय. एफ. निकोलाऊ यांनी मांडली. काचेची पट्टी आधी धातूचे आयन असलेल्या द्रावणात बुडवायची, मग शुद्ध पाण्यात, मग दुसऱ्या, अभिक्रिया घडवणाऱ्या द्रावणात आणि पुन्हा पाण्यात. हे एक आवर्तन. प्रत्येक आवर्तनात थोडा थर वाढतो, म्हणून आवर्तनं मोजून जाडी आटोक्यात ठेवता येते. झिंक ऑक्साईडसाठी अमोनिया घातलेलं जस्ताच्या क्षाराचं द्रावण आणि गरम पाणी एवढ्यावर काम भागतं. अमोनियामुळे हे काम धूर खेचणाऱ्या कपाटात करतात. नवशिक्यांनी कॅडमियमची संयुगं टाळावीत, ती विषारी असतात.

जाडी मोजायचं खास उपकरण नसेल तर वजनातल्या फरकावरून अंदाज काढतात. वजनातली वाढ भागिले घनता, भागिले क्षेत्रफळ. झिंक ऑक्साईडची घनता सुमारे ५.६ आहे. १० चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रोमीटर थर बसला तर वजन ५.६ मिलिग्रॅमने वाढेल. कॉलेजचा तराजू एक मिलिग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर जाडीत जवळपास १८० नॅनोमीटरची अनिश्चितता राहते. म्हणजे त्या तराजूवर २०० आणि २५० नॅनोमीटरमधला फरक दिसणारच नाही. शिवाय असे थर सच्छिद्र असतात, त्यामुळे खरी जाडी हिशेबापेक्षा जास्त असू शकते.

म्हणून आधी तराजू पाहायचा, मग प्रकल्पाचा प्रश्न ठरवायचा. '५, १० आणि १५ आवर्तनांत काय फरक पडतो' याऐवजी '२०, ४० आणि ८० आवर्तनांत काय फरक पडतो' असं विचारलं तर त्याच तराजूवर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

वहीत काय लिहायचं?

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सीनियरच्या वहीतले आकडे उतरवले जातात, हे गुपित नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगात ते खपून जातं. पण थिन फिल्मच्या प्रकल्पात पट्टी कुणी धुतली, पाणी कोणतं होतं, त्या दिवशी पाऊस होता का, यावरही निकाल बदलतो. सीनियरचा आकडा इथे कामाचा नसतो.

प्रत्येक पट्टीला क्रमांक, तारीख, वेळ, खोलीचं तापमान, द्रावण कधी केलं, आधीचं आणि नंतरचं वजन आणि एक फोटो, एवढी नोंद पुरेशी आहे. थर चिकटला की नाही हे पाहायला चिकटपट्टी लावून एका झटक्यात ओढायची आणि ती चिकटपट्टीही वहीत डकवायची.

थर सुटून आलेल्या पट्ट्यांची नोंदही तितकीच नीट करायची. आठपैकी तीन पट्ट्या बिघडल्या आणि तिन्ही एकाच दिवशीच्या असतील, तर त्या दिवशी पट्ट्या धुताना काय वेगळं झालं, हा पुढच्या आठवड्याच्या प्रयोगाचा प्रश्न असतो.